सबनीस सरांचं माहेर-सासर

बडोद्यात, वासण्यातल्या एका पार्टी प्लॉटवर आमच्या शाळेतल्या क्लार्कच्या मुलीचं रिसेप्शन होतं आणि मी रिकामी प्लेट घेऊन पनीरच्या दिशेने निघाले होते. भूक अशी लागली होती की नवरा-नवरीला शुभेच्छा देतानाही माझं लक्ष त्यांच्या खांद्यावरून मागच्या काउंटरकडे होतं. एवढ्यात सबनीस सर आडवे आले.

"वैशालीबेन, थांबा. हे अठरा काउंटर एकट्याने होणार नाहीत. आपण चौघांचा गट करू."

दोन जण त्यांनी आधीच पकडून ठेवले होते. एक आमचे चित्रकलेचे शिक्षक आणि दुसरे नवऱ्यामुलाचे कोणी मामा. आम्ही कोण, कुठले, हेही त्या मामांना ठाऊक नव्हतं. सरांनी भराभर वाटणी केली. मला चाट, चित्रकलेला पंजाबी, मामांना मिठाई आणि स्वतःकडे बाकी सगळं. आपापल्या काउंटरवर जायचं, चव घ्यायची, जाणकार व्हायचं, दहा मिनिटांनी या आसोपालवाच्या झाडाखाली परत यायचं आणि बाकीच्या तिघांना सांगायचं. मग चौघांनी फक्त चांगलं तेवढंच खायचं.

मी गेले. का गेले ते मला आजही सांगता यायचं नाही. कोणी ठाम आवाजात काही सांगितलं की मी ते करून बसते, आणि करून झाल्यावर विचारते की हे काय होतं. दहा मिनिटांनी आम्ही झाडाखाली जमलो. मामा जिलेबीबद्दल इतक्या आत्मीयतेने बोलले की त्यातच पंधरा मिनिटं गेली. मग चर्चा झाली, एकमत झालं, आणि आम्ही पनीरकडे वळलो तेव्हा तिथला माणूस भांडं खरवडत होता. मी त्या दिवशी दालभात आणि व्हॅनिला आइस्क्रीम खाऊन घरी आले. सर मात्र खूश होते. म्हणाले, बघा, चार माणसांना मिळून अठरा काउंटरची माहिती झाली. माहिती झाली हे खरंच होतं.

सबनीस सर आमच्या शाळेत गणित शिकवतात. वय सत्तावन्न, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि खिसा कायम फुगलेला. लोकांना वाटतं पाकीट आहे. त्यात चिठ्ठ्या असतात. बसची जुनी तिकिटं, लग्नपत्रिकांचे कोरे भाग, औषधांची खोकी, जे मिळेल ते कापून सर चिठ्ठ्या करतात. कारण गट पाडायचा तर तो चिठ्ठी टाकूनच, अशी त्यांची श्रद्धा. मुलांना आपापला गट करायला सांगितलं की पहिले पाच जण मैत्रीने जमतात, पुढचे दहा नाइलाजाने जमतात, आणि शेवटी दोन जण भिंतीला टेकून उभे राहतात. त्या दोघांना बघून मला ताप येतो, असं ते म्हणायचे. मला वाटायचं ही बोलायची पद्धत असेल.

बडोद्याचीच त्यांची चौथी पिढी. त्यामुळे बोलणं असं की वाक्य मराठीत निघायचं आणि गुजरातीत पोचायचं. "दोघं म्हणजे कुजबूज, तिघं म्हणजे भांडण, पाच म्हणजे पिकनिक. चार एटले काम. बरोबर ने?" हे वाक्य मी दिवसातून निदान तीनदा ऐकत असे. मला लग्न होऊन साताऱ्याहून इथे येऊन अकरा वर्षं झाली, पण अजून कोणी 'बेन' म्हटलं की मी क्षणभर मागे वळून बघते. सर मात्र अस्सल मराठी, तरी मला 'वैशालीबेन'च म्हणायचे.

त्यांच्या वर्गातून आवाज यायचा. सगळ्या शाळेत वर्ग शांत असला की शिक्षक चांगला, हा नियम. यांच्या वर्गात चाळीस मुलं एकाच वेळी बोलत असायची आणि सर कोपऱ्यात, हात पाठीमागे बांधून, डोळे मिटून उभे. झोपलेत असं समजून शिपायाने एकदा खुर्ची आणून दिली. सर म्हणाले, मी ऐकतोय. आवाज दोन प्रकारचे, कामाचा आणि बाजाराचा. कामाचा आवाज खाली-वर होतो, मध्येच थांबतो. बाजाराचा एकसारखा चढत जातो. एकदा माझ्या वर्गाबाहेर उभं राहून, आत न डोकावता, त्यांनी मला सांगितलं की खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर क्रिकेट चाललंय. मी जाऊन बघितलं. खरोखर क्रिकेट चाललं होतं, वहीत धावा लिहून.

स्टाफरूममध्ये मात्र त्यांची ही विद्या कोणाला झेपली नाही. सुरुवातीला त्यांनी चहासाठीही गट पाडले होते. कप मोजणारा एक, साखर विचारणारा एक, आणि 'बाकीच्यांना गप्प ठेवणारा' एक, ती जबाबदारी ग्रंथपालबाईंकडे आली आणि त्या जन्माच्या दुखावल्या. तेव्हापासून सर दारातून आत शिरले की लोक वह्या तपासायला लागतात. डबा खायला त्यांना कोणी आपल्यात बोलावत नसे, आणि तेही थांबत नसत. डबा हातात घेऊन व्हरांड्यात फेऱ्या मारत खायचे आणि मुलं कशी घोळक्याने बसलीत ते बघायचे. मी मनात म्हणायचे, काय बाई हा माणूस, घासभर तरी बसून खावं.

आता माझं सांगते. मी सातवीला सामाजिक शास्त्र शिकवते आणि तेव्हा चार वर्षं कंत्राटावर होते. दर मे महिन्यात मला एकच घोर असायचा. जूनमध्ये पत्र येईल का, आलं तर पुन्हा अकराच महिन्यांचं येईल का. नवरा नंदेसरीला एका केमिकल कंपनीत, तिथेही आज आहे आणि उद्या नाही असंच चाललेलं. घरात एक तरी नोकरी कायमची असावी, एवढीच माझी देवाकडे मागणी. आणि त्या वर्षी प्रिन्सिपल मॅडमनी मला बोलावून सांगितलं की एक जागा कायम करायची आहे, ट्रस्टी साहेब स्वतः तुमचा एक तास बघायला बसतील, आणि तास गटकार्याचा असला पाहिजे. हल्ली वरून तसंच सांगणं आहे. फळ्यावर लिहून दिलं आणि उतरवून घ्या म्हटलं, तर तास मोजलाच जाणार नाही.

मी बाहेर आले. मी आयुष्यात गटकार्य म्हणून एकच गोष्ट केली होती. मुलांना तक्ते करायला सांगितले होते. प्रत्येक गटात एका मुलीने तक्ता केला, दुसऱ्याने रंग आणून दिले, आणि बाकीच्यांनी नाव लिहिलं. दोन तक्ते तर आयांनी केले होते, ते अक्षरावरूनच कळत होतं. मी सगळ्यांना शेरा दिला, 'छान सहकार्य'.

गेले सबनीस सरांकडे. ते व्हरांड्यात थेपला खात उभे होते. मी माझी कर्मकहाणी सांगितली, मध्येच डोळ्यांत पाणीही आलं. दुसरं कोणी असतं तर धीर दिला असता. सरांनी थेपला संपवला, हात रुमालाला पुसले आणि विचारलं, "किती मुलं?"

"चाळीस."

"सरस. चाळीसला चारने भाग जातो. निम्मं काम झालं."

त्या दिवसापासून रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास माझी शिकवणी सुरू झाली. पद्धत अशी. चार-चारांचे दहा गट करायचे. त्या गटाचं नाव माहेर. धड्याचे चार भाग करायचे, आणि माहेरच्या चौघांनी एकेक भाग वाटून घ्यायचा. मग प्रत्येकाने उठायचं आणि सासरी जायचं. सासर म्हणजे जिथे सगळ्या माहेरांतले त्याच भागाचे जमलेत तो गट. तिथे तो भाग नीट शिकायचा, परत माहेरी यायचं आणि बाकीच्या तिघांना शिकवायचा. एकेका भागाची दहा मुलं होतात, दहा म्हणजे गर्दी, म्हणून प्रत्येक भागाची दोन सासरं, आकडा मात्र दोन्हींना त्या भागाचाच.

दोन सासरं म्हटल्यावर माझं डोकं बंद पडलं. मी विचारलं, हे इंग्रजीत काही वेगळं असेल ना. ते म्हणाले, आहे, पण ते मुलांच्या लक्षात राहत नाही आणि हे ती विसरत नाहीत. आमची शाळा इंग्रजी माध्यमाची. म्हणजे मुलं धडा इंग्रजीत वाचतात, भांडतात गुजरातीत, आणि मला खोटं सांगायचं असलं की हिंदीत सांगतात. या वर्गातले बारा वर्षांचे मुलगे सर म्हणाले की खुशाल सासरी जायचे आणि कोणाला हसू यायचं नाही.

मला त्यांनी डब्यांनी समजावलं. माझा डबा, त्यांचा डबा, शिपायाचा डबा, सगळ्यांचे कप्पे काढून टेबलावर मांडले. हे माहेर, हे सासर, भाजी इथून तिथे गेली. मी मान हलवत होते. त्यांनी विचारलं, कळलं का? मी हो म्हटलं. ते म्हणाले, बघा, हा प्रश्न मी मुद्दाम चुकीचा विचारला. 'कळलं का' असं कधी विचारायचं नाही, त्याला सगळे हो म्हणतात. आता मला तुम्ही समजावा. मी समजावलं. माझ्या हिशोबाने भाजी सासरीच राहिली आणि माहेर उपाशी.

पहिल्या सरावाला मी चिठ्ठ्याच चुकवल्या. चिठ्ठीवर वर माहेरचा आकडा आणि खाली सासरचा. मी एका माहेरातल्या चौघांनाही खाली एकच आकडा लिहून बसले. झालं असं की अख्खं माहेर उठलं, एकत्र सासरी गेलं, तिथे शिकलं, एकत्र परत आलं, आणि एकमेकांना तेच सांगायला लागलं जे चौघांनाही आलं होतं. मला वाटलं काय सुरेख चाललंय, कोणाचं अडत नाही. सर दारातून बघत होते. तास संपल्यावर म्हणाले, "वैशालीबेन, ही वरात झाली. वरात जाते आणि जेवून परत येते, शिकून येत नाही."

दुसऱ्या सरावाला चिठ्ठ्या बरोबर होत्या, पण सासरी गेलेली मुलं परतच येईनात. तिथे त्यांचं छान जमलं होतं. तिसऱ्या वेळी परत आली, पण हुशार होती तीच बोलत राहिली आणि बाकीची खिडकीबाहेर बघत बसली. त्यावरचा उपाय सरांनी सांगितला. शेवटी पाहुण्याने गटाचा आणि सासरचा आकडा चिठ्ठीने काढायचा, आणि ज्याचा आकडा निघेल त्यानेच गटातर्फे वाचायचं. कोणाचा निघेल ठाऊक नाही, त्यामुळे हुशार मुलं झक मारत मठ्ठ मुलांना शिकवतात. आणि गटात एकाने लिहायचं, त्या लिहिणाऱ्याने जे लिहिलं असेल तेच वाचायचं, उभं राहून त्यात आपलं शहाणपण घालायचं नाही. हा नियम सरांचा फार लाडका होता.

"आणि मी काय करायचं?" मी विचारलं.

"तुम्ही हात मागे बांधायचे आणि तोंड बंद ठेवायचं. सगळ्यात अवघड तेच आहे."

माझा धडा होता पूर. बडोद्यात तो शिकवायला पुस्तक लागत नाही. मागच्या पुरात विश्वामित्रीचं पाणी निम्म्या वर्गाच्या सोसायटीत शिरलं होतं आणि उरलेल्या निम्म्यांनी मगर बघितली होती, निदान तसं ते सांगत होते. चार भाग केले. पाणी कुठून येतं, आधी तयारी काय करायची, पाणी चढल्यावर कोण कोणाकडे गेलं, आणि उतरल्यावर साफसफाई. तिसऱ्या भागाचं काम सोपं होतं. सासरी एकमेकांना विचारायचं की तुमच्याकडे कोण आलं आणि तुम्ही कोणाकडे गेलात. मग माहेरी येऊन तिथल्या तिघांनाही तेच विचारायचं आणि लिहून घ्यायचं.

तासाच्या दिवशी मी सकाळी तीनदा देवाला नमस्कार केला. मागच्या बाकावर प्रिन्सिपल मॅडम आणि ट्रस्टी साहेब येऊन बसले. साहेब मोठे उद्योगपती, सत्तरीचे, कपाळावर टिळा, हातात कागदाचं पॅड. मी हजेरी घेतली आणि पुन्हा एकदा डोकी मोजली. एकोणचाळीस. सातव्या गटातला हेत आला नव्हता, आणि तिसरा भाग त्याच्याकडे होता. आता सातव्या माहेरातून तिसऱ्या सासरी जाणार कोण? दुसऱ्या गटातलं कोणी इकडे आणलं तर तिकडे भोक पडणार. मी चिठ्ठ्या चाळत उभी राहिले. चार वर्षं डोळ्यांसमोरून गेली आणि ट्रस्टी साहेबांनी पेनचं टोपण काढलेलं मला दिसलं.

सबनीस सरांचा तो तास मोकळा होता. ते खडू द्यायच्या निमित्ताने दारात येऊन उभे राहिले होते. सातव्या गटातली ध्वनी नावाची मुलगी, दोन वेण्या आणि आवाज हवालदाराचा, सरळ उभी राहिली.

"टीचर, सर फ्री छे. सरने बेसाडो ने."

मी सरांकडे बघितलं. सर मागे बघायला लागले, ती दुसऱ्या कोणाला म्हणत असावी असं समजून. मग मीच कशीबशी म्हणाले, सर, बसता का? ते आत आले, हेतच्या जागी बसायला वाकले, गुडघे बाकात मावेनात म्हणून तिरपे बसले. ध्वनीने त्यांच्या हातात चिठ्ठी दिली. ती त्यांनीच कापलेली होती, तरी त्यांनी ती उलटसुलट करून वाचली.

मी घोषणा केली की सगळ्यांनी आपापल्या सासरी जावं. ट्रस्टी साहेबांनी दचकून मॅडमकडे बघितलं. चाळीस जण उठले, त्यांत सरही. माझी खात्री होती की ते सासरी जाऊन सूत्रं हातात घेतील. पण तिथे पाचजणांत ते नुसते बसले. मी हात मागे बांधून, तोंड मिटून फिरत होते, तेव्हा कानावर आलं. एक मुलगी सांगत होती की त्यांच्याकडे खालच्या मजल्यावरची आठ माणसं राहायला आली, गादीवर आडवं झोपावं लागलं. दुसरा सांगत होता की आम्ही मामांकडे मांजलपूरला गेलो, छोट्या होडीतून. मग त्या मुलीने सरांना विचारलं, "सर, तमारे त्यां कोण आव्युं?"

सर म्हणाले, माझं सोडा, तुमचं सांगा. ती म्हणाली, नाही सर, सगळ्यांनी सांगायचंय, नियम आहे.

पुढचं मला ऐकू आलं नाही, कारण पहिल्या सासरी दोघांची मारामारी सुरू झाली आणि मी तिकडे धावले. सगळे माहेरी परतले. आवाज उठला. तो कामाचा की बाजाराचा, मला काही कळत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की सातव्या गटात सर बोलताहेत, थांबताहेत, तिघं त्यांच्याकडे बघताहेत आणि ध्वनी खाली मान घालून लिहितेय.

शेवटी मी ट्रस्टी साहेबांपुढे चिठ्ठ्यांचा डबा धरला. त्यांनी गटाची चिठ्ठी काढली, सात. सासरची काढली, तीन.

सबनीस सर उभे राहिले. शाळेतली मुलं राहतात तसेच, बाकाच्या बाहेर एक पाऊल टाकून. ध्वनीने कागद दिला. इंग्रजीत होता, मी आपलं मराठीत सांगते.

"गट सात. पाणी चढलं तेव्हा ध्वनीकडे दुसऱ्या मजल्यावरच्या काकी खिचडी घेऊन आल्या. मीतचे पप्पा आजोबांना पाठीवर घेऊन समोरच्या बिल्डिंगमध्ये गेले. आरवचे पप्पा कोयलीला रिफायनरीत आहेत, त्यांनी येताना तीन घरांसाठी दूध आणलं. सबनीस सर तीन दिवस दुसऱ्या मजल्यावर आपल्या घरातच होते. त्यांच्याकडे..."

इथे ते थांबले. कागद जरा लांब धरून बघितला. मला वाटलं आता वळसा घालतील, काहीतरी दुसरं बोलतील. कोणाला कळणार होतं? पण त्यांनी वाचलं.

"त्यांच्याकडे कोणी आलं नाही. ते कोणाकडे गेले नाहीत. मुलाचा कॅनडाहून फोन आला होता, पण तो आला असं धरलेलं नाही. आमच्या गटाचं मत आहे की हे बरोबर झालं नाही. पुढच्या वेळी पाणी येण्याआधी यादी करायची की सोसायटीत एकटं कोण आहे."

ट्रस्टी साहेबांनी गुजरातीत, हळू आवाजात विचारलं की साहेब, तुम्ही एकटे राहता? सर म्हणाले, "हा जी. मिसेस गेली त्याला सहा वर्षं झाली." आणि उभेच राहिले. मग माझ्या लक्षात आलं की बसा म्हणायचं माझ्याकडे आहे. मी म्हटलं, बसा सर.

मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्या पुरात आमच्या फ्लॅटमध्ये अकरा माणसं होती. पत्ते खेळलो, भजी तळली. सर आमच्यापासून दहा मिनिटांवर, आमच्याच वासण्यात राहतात, आणि एक फोन करावा असं माझ्या मनात आलं नाही. सहा वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली हेही मला त्या वर्गात कळलं, सातवीच्या मुलांबरोबर. शाळेतून कोणी गेलं होतं की नाही, मी नंतर क्लार्कला विचारलं. तो म्हणाला, आपण गेलो होतो बेन, गाडी करून गेलो होतो, तुम्ही तेव्हा शाळेत नव्हता. मग त्यानंतर? त्यानंतर काय, तो म्हणाला.

चार दिवसांनी मॅडमनी बोलावलं. मी जीव मुठीत धरून गेले. त्या म्हणाल्या की ट्रस्टी साहेबांना तास संपेपर्यंत कळलं नाही की यात शिकवतं कोण होतं. मला वाटलं संपलं सगळं. त्यांनी पत्र पुढे केलं. मी ते दोनदा वाचलं तरी समजेना. शेवटी त्यांनीच बोट ठेवून दाखवलं, कायम. मी घरी फोन केला, रडले, आणि पेढे घेऊन सरांकडे गेले. व्हरांड्यातच होते. पेढा घेतला, अभिनंदन म्हणाले. त्या कागदाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. मला त्यांना घरी बोलवायचं होतं, पण इतक्या वर्षांनी एकदम कसं बोलवायचं तेच सुचेना आणि मी पेढ्याच्या दुकानाबद्दल काहीतरी बोलून निघून आले.

पुढच्या मंगळवारी, त्याच तासाला, मी सातवीत गटकार्याआधी हजेरी घेत होते. दारात सर उभे. केस पाण्याने चापून बसवलेले, हातात खडू नव्हता, काहीच नव्हतं. मी बाहेर गेले. ते माझ्याकडे न बघता वर्गाकडे बघत होते.

"वैशालीबेन, माझा हा तास मोकळाच असतो. म्हटलं विचारावं. आज कोणी गैरहजर आहे का?"

मस्टर माझ्या हातातच होतं. चाळीसच्या चाळीस हजर होते. हेत तर पहिल्याच बाकावर बसून माझ्याकडे बघत होता.

"आहे ना सर," मी म्हणाले. "या."

ते आत आले. ध्वनीने एकदा माझ्याकडे बघितलं आणि बाकावर सरकून जागा केली. सर तिरपे बसले, तो गट मोजायला त्यांना किती वेळ लागणार, जन्मभर गणित शिकवलेला माणूस. तरी चिठ्ठीसाठी त्यांनी माझ्यापुढे हात केला.